लॅपटॉपात अडकलेला धवला

कंप्युटर बिघडला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." हे इतकी वर्षं ऐकलंय की एखाद्याने खरोखर काही केलेलं नसलं तरी माझा विश्वास बसत नाही. वसई रोडला स्टेशनच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान होतं. एक शटर, एक टेबल आणि लोकांनी "उद्या नेतो" म्हणून ठेवलेले, कधीच न नेलेले कंप्युटर. गुडघे बोलायला लागले तसं ते बंद केलं. आता उमेळ्याला घरच्या ओटीवर बसतो, कोणी आलंच तर बघतो. फारसं कोणी येत नाही. निम्मं काम मोबाइलने खाल्लं आणि उरलेलं लोक कुठल्या तरी लांबच्या माणसाला स्क्रीन दाखवून करून घेतात.

त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. या धंद्याने मला लोकांच्या घरात नेलं. पापडीला एक रिटायर झालेल्या बाई होत्या, त्यांनी कंप्युटरला क्रोशाचं झाकण विणलेलं. संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय ते काढायच्या नाहीत. मी आधी पोचलो तर मीही हात जोडून बसायचो, नंतर केक मिळायचा. त्यांच्या मशीनमध्ये दर वेळी बिघाड असायचाच असं नाही. मी जायचो, वायर हलवायचो, केक खायचो. आता त्या नाहीत, आणि त्या वाटेने जायचं मला काही कारणही नाही.

पण लिहायला बसलोय ते वनिताच्या लॅपटॉपबद्दल. माझ्या सगळ्या कामकाजात तेवढं एकच काम असं आहे, की जे दुरुस्त केलं ते मी ऐकलंच नाही.

वनिता आमच्याच आळीतली. लग्न होऊन चिंचोटीला गेली. तिची आई चांगुनाबाय आमच्या खाडीकाठच्या गावांमध्ये धवलारीन होती. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: आमच्यात लग्नाला भटजी असतो, पण त्याच्याही आधीपासून धवलारीन आहे. मांडवात बसून ती धवला म्हणते, म्हणजे गाण्यातून देवांना लग्नाचं आवतण देते. कुळाचे देव, गावाचे देव, शेताचा, खाडीचा, मग घरातले गेलेले वाडवडील, सगळे एकामागून एक, ठरलेल्या ओळीने. हे कुठे लिहिलेलं नसतं. एका बाईच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जातं. चांगुनाबायचा आवाज गोड अजिबात नव्हता. जाडा, घोगरा, गालात पान धरल्यासारखा, आणि बहुतेक वेळा गालात पान असायचंच. माझ्या लग्नात तीच होती आणि माझ्या मुलीच्या लग्नातही तीच. तिने तोंड उघडलं की मांडवातली पोरंटोरंसुद्धा गप्प व्हायची. मला त्या आवाजाची अजून ओढ आहे. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की उगाच वाटतं, आता कुठल्या तरी मांडवातून ऐकू येईल. चांगुनाबाय भातकापणीच्या सुमारास गेली.

दिवाळीनंतर वनिता लॅपटॉप पोटाशी धरून आमच्या ओटीवर आली. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं. वहिनीने दुसऱ्या गावची, माइकवर म्हणणारी बाई सांगून ठेवली होती. वनिताने घरात सांगितलं, मांडवात मी बसणार, आईचाच धवला होईल. बोलून गेली खरी, पण तिला तो येत नव्हता. आई शिकवते म्हणाली होती तेव्हा तिने हसण्यावारी नेलं होतं. आता एकच आशा होती. मागे पुतण्याच्या लग्नात तिच्या नवऱ्याने, दिलीपने, आईचा पूर्ण धवला मोबाइलवर घेतला होता. मोबाइल भरला म्हणून त्याने तो लॅपटॉपवर टाकला, आणि पुढे तो मोबाइल पाण्यात पडला. म्हणजे चांगुनाबायचा आवाज या जगात तेवढ्या एका लॅपटॉपात राहिला होता. आणि लॅपटॉप तो व्हिडिओ उघडत नव्हता.

आमची ही, मालती, चहा टाकायला गेली आणि मी लॅपटॉपचं ढापण उघडलं. भानगड अशी होती. नव्या मोबाइलवर घेतलेले काही व्हिडिओ कंप्युटरला नुसते समजत नाहीत. त्यासाठी एक छोटा जोडप्रोग्रॅम लागतो आणि तो कंप्युटरमधल्या अ‍ॅप स्टोअरमधून आणावा लागतो. मोबाइलवर असतं तसंच ते दुकान. पण स्टोअरवर बोट ठेवलं की पाटी यायची: हे अ‍ॅप तुमच्या प्रशासकाने रोखलं आहे, प्रशासकाशी संपर्क साधा.

दिलीपने लॅपटॉप मुलांसाठी घेतलेला, भाषा मराठी ठेवलेली. त्या काळात आमच्या महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासकच कारभार बघत होता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिलीप बापडा लॅपटॉप पिशवीत घालून थेट प्रभाग कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी हसू दाबून त्याला परत पाठवलं. हे सांगताना वनितालाही हसू आलं, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

हा प्रशासक म्हणजे कोण, तर ज्या ऑफिसचा तो लॅपटॉप पूर्वी होता, तिथला कंप्युटर सांभाळणारा माणूस. मोठी ऑफिसं जुने लॅपटॉप ढिगाने विकतात. घेणारा दुकानदार ते पुसून कोरे करतो, निदान करायला हवेत. हा पुसलेलाच नव्हता. वरवरची साफसफाई करून घरच्यांसाठी नवं खातं काढून दिलेलं, आणि ऑफिसचे नियम आत तसेच. कर्मचाऱ्याने स्वतःचं काही बसवायचं नाही, म्हणून स्टोअर बंद. ऑफिसची माहिती बाहेर न्यायची नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर काही उतरत नाही, मेलच्या आणि फायली पाठवायच्या साइट बंद. आत काय हवं ते टाका, बाहेर काही निघणार नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावावी तर ती सांकेतिक कुलपात, बाहेर तिचा नुसता चिखल दिसतो. आणि वनिताचं खातं भाडेकरूसारखं, राहा पण भिंतीला खिळा ठोकू नका.

असल्या मशीनवर पाच पैशाची अक्कल असलेला माणूस एकच उपाय करतो, सगळं पुसून नव्याने बसवतो. मीही आयुष्यभर तेच केलं. इथे ते केलं असतं तर चांगुनाबाय गेली असती.

वनिता माझ्या बोटांकडे बघत होती. मग तिने विचारलं. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, ती लिहायला घेतली की माझा हात अडखळतो, तरी तिचं बोलणं तसंच लिहितो.

"काका, माजी आय यातून निघंल ना?"

बघतो म्हटलं. होईल असं कधी म्हणायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. चहा झाल्यावर तिला लॅपटॉप इथेच ठेवायला सांगितला, म्हणजे घरी कोणी काही दाबून बघायची भीती नको.

लॅपटॉप विकणाऱ्याला गाठणं भाग होतं. घरच्यांना भाडेकरूचं खातं देऊन मालकाचं खातं त्याने स्वतःकडे ठेवलेलं असणार, आणि त्याचा पासवर्ड त्यालाच माहीत. दिलीपकडून पत्ता घेतला आणि लॅपटॉप घेऊन नालासोपाऱ्याला गेलो. इरफानभाई नावाचा गृहस्थ, छोटं दुकान, छतापर्यंत लॅपटॉपांच्या थप्प्या. त्याने मशीन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, काका, कशाला डोकं लावता, फॉरमॅट मारतो, एकदम नवा होईल. मी नको म्हटलं. तो म्हणाला, पैसे नाही घेत. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. मी स्टूल ओढून बसलो आणि आत काय आहे ते सांगितलं. धवलारीन म्हणजे काय हे त्याला समजावताना माझी फेफे उडाली. शेवटी तो म्हणाला, म्हणजे यांच्या अम्मीने लग्नात म्हटलेलं गाणं. मी हो म्हटलं. तेवढं पुरे होतं.

पासवर्ड त्याला आठवेना. तो माल जुना, त्यानंतर त्याने पासवर्ड बदललेले. एक टाकून बघितला, नाही. दुसरा, नाही. फार वेळा चुकलं तर मशीन कायमचं अडून बसतं का, असं त्याने मलाच विचारलं. काही ठिकाणी तसंही करून ठेवलेलं असतं, आणि ते ऑफिस किती संशयी होतं ते मी बघितलेलं. मी त्याला थांबवलं. म्हटलं, घाई नको, चहा घेऊ. चहा पिताना त्याला विचारत बसलो, हा माल आला तेव्हा दुकान कुठे होतं, काय चाललं होतं. तो म्हणाला, तेव्हा दुकान नव्हतंच, भावाच्या गाळ्यात बसायचो. आणि बोलता बोलता थांबला. भावाच्या गाळ्याच्या नावाने पासवर्ड होता. टाकला आणि मालकाचं खातं उघडलं. इरफानभाईने मला टाळी दिली आणि वर म्हणाला, बॅटरी पण बदलून घ्या, ही जास्त दिवस नाही जाणार. धंदा तो धंदा.

पुढचं काम घरी केलं. ते सांगण्यासारखं नाही. आतल्या नियमांच्या कप्प्यात जाऊन स्टोअर बंद ठेवणारा नियम शोधायचा आणि काढायचा, तसाच पेन ड्राइव्हचा. मशीन बंद करून चालू करायचं. ते ऑफिस आता कुठल्या मजल्यावर, कुठल्या शहरात असेल देव जाणे, तिथून कोणी विचारायला येणार नव्हतं. तरी मशीन इतके दिवस इमानाने पहारा देत बसलेलं, याचं मला थोडं कौतुकच वाटलं. पुढच्या वेळी स्टोअरवर बोट ठेवलं तर पाटी आली नाही. दुकान उघडलं. मी व्हिडिओ उघडला नाही, वनिताला फोन केला.

ती लगोलग आली. मालतीही पदराला हात पुसत येऊन बसली. मी जोडप्रोग्रॅम उतरवला आणि व्हिडिओवर बोट ठेवलं.

चांगुनाबाय आली. मांडवात चटईवर बसलेली, हिरवं लुगडं, हाताला हळद, गाल पानाने फुगलेला. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि वनिताने झटक्यात हात पुढे करून आवाज बंद केला.

मला वाटलं चुकून. मी पुन्हा चालू करायला गेलो तर तिने माझा हात धरला. आईचा नियम होता, म्हणाली. लग्नाचा मांडव नसताना धवला म्हणायचा नाही, कोणी म्हण म्हटलं तरी नाही. आवतण दिलं की देव येतात, आणि घरात लग्न नसलं तर ते आल्या पावली परत जातात, ते बरं नाही. म्हणूनच तर लेकीला शिकवायचं राहून गेलं. लग्नांमध्ये मागे बसून शिक, असं आई म्हणायची, आणि लग्नांमध्ये वनिता नटायची, नाचायची.

मग शिकणार कशी, हा प्रश्न मालतीने काढला. दोघींची माझ्या ओटीवर बैठक बसली. मला कोणी विचारलं नाही. कानाला हेडफोन लावून ऐकलं तर चालेल का? ऐकणं म्हणजे आवतण नाही, असं मालतीचं म्हणणं. वनिताला ते पटलं, पण बरोबर म्हणायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत, यावर ती ठाम राहिली. म्हणजे ती धवला पहिल्यांदा म्हणणार ती थेट मांडवात, सगळ्या भावकीसमोर. मालती म्हणाली, जमेल का गं. वनिता म्हणाली, नाय जमलं तर वहिनीची बाय हायच.

आता माझी अडचण. दुरुस्ती केलेलं काम तपासून द्यायचं असतं. चित्र दिसतंय, आवाज येतोय की नाही हे मला कसं कळणार? वनिताने हेडफोन लावले आणि मी कोपऱ्यातल्या आवाजाच्या पट्टीकडे बघत बसलो. आवाज असला की ती हिरवी पट्टी वरखाली होते. चांगुनाबायचे ओठ हलत होते, पट्टी हलत होती, आणि वनिता मुंडी खाली घालून रडत होती. एवढ्यावरून मी काम झालं असं धरलं. माझ्या आणि त्या आवाजामध्ये हातभर वायर होती. मला तो इतका ऐकावासा वाटला की मी उठून परसात गेलो आणि विनाकारण पंप चालू केला.

जाताना वनिताने मला प्रत ठेवून घ्यायला सांगितली. हे मशीन जुनं, कधी बसेल सांगता येत नाही. मी पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवली. मालती गावाला गेली की घरात मी एकटाच असतो, आणि हेडफोन माझ्याकडेही आहेत. मालतीनेच निवाडा दिला होता की ऐकलं तर चालतं. तरी हात गेला नाही. वनिताला शिकण्यासाठी ऐकायचं होतं. मला फक्त हवासा वाटत होता. दोन्ही सारखं नाही, असं मला वाटलं. मालतीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तुमचं आपलं काहीतरीच.

लग्न उमेळ्यालाच, घरच्या मांडवात. पूर्वी तिथून मागे केळीच होत्या, आता मांडवाच्या डोक्यावर नव्या बिल्डिंगच्या बाल्कन्या आल्यात आणि तिथून लोक बघत होते. वहिनीची माइकवाली बाई खुर्चीवर येऊन बसलेली. भावाने डीजेवाल्याला गप्प केलं. वनिता चटईवर बसली. पांढरीफटक पडलेली. मी पुरुषांच्या बाजूला मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो.

तिने सुरुवात केली तेव्हा माझं मन खट्टू झालं, हे कबूल करतो. आवाज बारीक, कापरा. चांगुनाबायचा एक कणही त्यात नव्हता. आईसारखा आवाज यायला नको होता का, इतके दिवस कानात घेऊन बसली होती. पण हळूहळू देव यायला लागले. कुळाचे, गावाचे, बांधावरचा, खाडीचा. चालीत कुठे कुठे घसरली, पण ओळ चुकली नाही. मागे बसलेल्या म्हाताऱ्या तिच्या मागोमाग प्रत्येक नाव उचलायला लागल्या. वहिनी आधी माइकवाल्या बाईकडे बघत होती, मग बघायची थांबली. घरातले गेलेले एकेक आले. वनिताचा आवाज सावरला.

आणि एकदम ती थांबली.

तोंड उघडं, शब्द नाही. बाया थांबल्या. मुलीचा बाप घाम पुसायला लागला. माइकवाल्या बाईने खुर्ची पुढे ओढली. मला वाटलं, विसरली. मनात आलं, कपाटातला पेन ड्राइव्ह आणावा का, पण इतक्या माणसांत त्याचं काय करणार.

मालती बायकांत बसली होती. काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं, पण तिथल्या बायांना ते त्याच क्षणी कळलं होतं. धवल्याच्या शेवटी, जिच्याकडून तो आपल्याकडे आला त्या गेलेल्या धवलारणींची नावं घेऊन त्यांना बोलवायचं असतं. चांगुनाबायने व्हिडिओत आपल्या गुरूचं नाव घेतलं आणि संपवलं. वनिता तिथवर आली. पुढचं नाव व्हिडिओत नव्हतं. ते तिने स्वतः घालायचं होतं, आणि ते तिच्या आईचं होतं. आमच्यात लेक आईला नावाने हाक मारत नाही. शाळेच्या फॉर्मवर सोडलं तर त्या पोरीने ते कधी उच्चारलं नसेल. आणि गेलेल्यांच्या ओळीत आईला एकदा बसवलं की ती गेलीच.

मालती पुढे सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घे नाव. तिला कोन बोलवनार मग?"

वनिताने डोळे मिटले आणि म्हटलं. चांगुना. चालीत, लांबवून, अगदी नीट.

बायांनी मागून ते नाव उचललं. धवल्याला पुरुषाने तोंड उघडायची आमच्यात पद्धत नाही. मीही म्हटलं.